दाणे चालतात का, डॉक्टर?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय दिला 'पन्नाशीनंतरचं आरोग्य'. एवढ्या मोठ्या विषयाला वीस मिनिटं म्हणजे इतिहासाचं अख्खं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचण्यासारखं आहे. आपल्यातल्या काहींनी ते केलेलं आहे आणि निकालही सर्वांना माहीत आहे. म्हणून मी त्या विषयातला एकच दाणा उचलला आहे, शेंगदाणा.

शाळा आणि शेंगा म्हटलं की टिळकांची टरफलांची गोष्ट आठवते. तिथे वाद टरफलं कोणी उचलायची याचा होता. आपल्या वयात वाद दाणे कोणी खायचे याचा आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी मेसेज येतो की रोज मूठभर दाणे खा, मधुमेह मुळासकट जाईल. संध्याकाळी दुसरा येतो की शुगर असेल तर दाण्यांना हातही लावू नका. दोन्ही मेसेज पाठवणारा बहुतेक वेळा एकच असतो. तो आता दुसऱ्या रांगेत बसून हसतोय, पण मी नाव घेणार नाही.

माझ्या दवाखान्यात दिवसाला दोन-तीन जण तरी विचारतात, 'डॉक्टर, दाणे चालतात का?' दरवाजाच्या मुठीवर हात ठेवून, जाता जाता विचारतात. तेव्हा मी 'मूठभर चालतात' एवढं म्हणतो आणि पुढचा पेशंट आत येतो. आज जरा बसून सांगतो.

आधी हा विषय आपल्या सगळ्यांचा कसा आहे ते बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या शंभर भारतीयांपैकी सुमारे अकरा जणांना मधुमेह आहे आणि आणखी पंधरा जण उंबरठ्यावर आहेत. एकूण हिशेब 10 कोटी 10 लाख मधुमेहींचा. यात विशीतली मुलंही धरली आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या या सभागृहात प्रमाण त्याहून जास्तच असणार. सकाळी चहाच्या टेबलावर 'बिनसाखरेचा' असं किती जणांनी मागितलं, ते मी बघितलंय.

कोणी म्हणेल, मी तर सडपातळ आहे, मला कशाला होईल? यावर पुण्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघं सारखे, दोघांचा बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली भारतीय घडण आहे. ही चरबी पोटात आणि यकृतात साठते आणि इन्सुलिनचं काम अडवते. त्यामुळे शर्टाचं माप बघून निर्धास्त राहू नका.

आता दाण्याकडे येऊ. विज्ञानाच्या तासाला आपण द्विदल धान्यं शिकलो. मूग, हरभरा, तूर आणि त्याच कुळातला भुईमूग. म्हणजे शेंगदाणा हा बदाम-काजूंच्या घरातला नाही, डाळींच्या घरातला आहे. फक्त त्याने साठवण पिष्टाची न करता तेलाची केली. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण 24 ते 26 ग्रॅम प्रथिनं, 40 ते 49 ग्रॅम तेल, 16-17 ग्रॅम कर्बोदकं आणि 8 ते 10 ग्रॅम तंतू असतात. रक्तातली साखर झटकन वाढवतात ती कर्बोदकं. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम दाणे घेतले, तर त्यात पचून साखर होईल असा भाग जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतो. अर्धा चमचा साखरेएवढा. शुद्ध ग्लुकोजला शंभर गुण दिले तर दाण्याचा ग्लायसेमिक इंडेक्स पंधराच्या आसपास येतो आणि पांढऱ्या भाताचा सत्तरच्या.

म्हणजे पहिलं उत्तर सरळ आहे. नुसते दाणे खाऊन शुगर उडी मारत नाही.

दुसरी गोष्ट, दाणा दुसऱ्या पदार्थालाही थोडा आवरतो. त्यातलं तेल आणि प्रथिनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. भात किंवा भाकरी एकदम आतड्यात न उतरता हळूहळू उतरते. प्रथिनांमुळे इन्सुलिनही थोडं जास्त स्रवतं. सकाळच्या नऊ-पाचच्या लोकलला बदलापूर स्टेशनवर गर्दी कशी चढते आठवा. तीच माणसं दोन-तीन गाड्यांत विभागली तर? माणसं तेवढीच, पण चेंगराचेंगरी नाही. दाणा रक्तातल्या साखरेचं हेच करतो. मात्र एक लक्षात ठेवा, माणसं तेवढीच राहतात. साखर सावकाश येते, पण येते.

यावर अभ्यास झालेत का? झालेत. अमेरिकेत 83 हजारांहून जास्त परिचारिकांवर सोळा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्या बायका आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा पीनट बटर खात, त्यांना टाइप-2 मधुमेह होण्याचं प्रमाण ते न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ऐकायला छान वाटतं, पण दाणे खाणाऱ्या बायका इतर बाबतींतही तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात. त्यामुळे सगळं श्रेय दाण्याला देता येत नाही.

मग थेट प्रयोग बघू. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात उपाशीपोटीची शुगर थोडी वाढलेल्या 50 जणांना सहा आठवडे रोज रात्री 28 ग्रॅम दाणे दिले. नंतर त्यांनाच तेवढ्याच कॅलरीचा दुसरा खाऊ दिला. सकाळच्या शुगरमध्ये काही फरक पडला नाही. दिल्लीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 60 जणांवर बदामांचा प्रयोग झाला. तिन्ही जेवणांच्या अर्धा तास आधी 20 ग्रॅम बदाम दिल्यावर जेवणानंतरची शुगर कमी चढली.

या सगळ्यांतून मी एवढंच काढतो की दाणा हे चांगलं अन्न आहे, ते औषध नाही. मूठभर दाणे खाऊन कोणाची गोळी सुटत नाही. 'शेंगदाण्याने मधुमेह बरा' असं वाचून गोळ्या बंद केलेला माणूस मी पाहिलाय. चार महिन्यांनी तो आला तो पायाची जखम घेऊन. जखम भरायला पावसाळा गेला आणि एक बोट गेलं. दाण्याने त्याचं काही वाईट केलं नाही. गोळी बंद केल्याने झालं ते.

मग दाणे खायचे कसे? माझ्या मते दोन प्रश्न विचारावेत. कशाच्या ऐवजी? आणि कशाच्या सोबत?

पहिला प्रश्न, कशाच्या ऐवजी. तुमच्यापैकी निम्मे लोक अजून मुंबईला जाऊन येऊन करतात. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. संध्याकाळी साडेसहाला ऑफिस सुटलं की घरी पोचायला साडेआठ-नऊ. मध्ये भूक लागते. मग स्टेशनवर वडापाव, नाहीतर चहाबरोबर बिस्किटं. पाच साध्या बिस्किटांत 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि भूक अर्ध्या तासात परत येते. त्याऐवजी डब्याच्या पिशवीत मूठभर भाजलेले दाणे किंवा दाणे आणि फुटाणे ठेवा. शुगर जवळजवळ हलत नाही आणि घरी पोचल्यावर भाताच्या पातेल्यावर तुटून पडायला होत नाही. इथे दाण्यांचा खरा फायदा आहे. खरवईच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनाही हेच सांगतो. रात्री दोनला फरसाणाऐवजी मूठभर दाणे.

पण बिस्किटंही खाल्ली, वडापावही खाल्ला आणि डॉक्टरांनी सांगितलेत म्हणून वर दाणेही खाल्ले, तर काय होईल? मूठभर दाण्यांत 165-170 कॅलरी असतात. महिन्याच्या झाल्या पाच हजार. कागदावरचा हिशेब अर्धा किलोहून जास्त चरबीचा निघतो. दाण्यांनी पोट भरतं, आपण पुढे थोडं कमी खातो, म्हणून प्रत्यक्षात एवढं वजन वाढत नाही. पण टीव्हीसमोर ताट घेऊन सोलत बसलात तर मूठ कुठे संपली ते कळत नाही. आधी मोजून वाटीत काढा आणि डबा परत फडताळात ठेवा. मूठ मिटलेली हवी, ओंजळ नको.

आपल्या स्वयंपाकात दाणे न मोजता जातातच, तेही धरा. भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, अळूच्या फदफद्यात दाणे, चटणी तर रोजचीच. ज्या दिवशी भाजीत भरपूर कूट आहे त्या दिवशी वेगळी मूठ कशाला?

दुसरा प्रश्न, कशाच्या सोबत. इथे मला साबुदाण्याच्या खिचडीबद्दल बोलायलाच हवं. बायकांनो, आधीच सांगतो, उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. घरी मला जेवायचं आहे.

खिचडीच्या ताटाची एक गंमत सांगतो. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, या चारही गोष्टी मूळच्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या. युरोपियन लोक तिकडे पोचल्यावर त्या आपल्याकडे आल्या. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या एकादशीला यातलं एकही नव्हतं. उपवासाचं म्हणून आपण जे सर्वांत पारंपरिक समजतो, ते सगळं बोटीतून आलेलं आहे.

आता शुगरचा हिशेब. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. एका भरल्या बशीत साठ ग्रॅम साबुदाणा धरला तरी पन्नासच्या वर कर्बोदकं झाली, बटाटा वेगळाच. आपल्या आज्यांनी त्यात सढळ हाताने कूट घातलं, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. कुटामुळे चव येते, खिचडी मोकळी होते आणि साखर जरा सावकाश चढते. पण गाड्यांत विभागलेली माणसं आठवा. कूट वाढवल्याने साबुदाणा कमी होत नाही. 'मी दाणे भरपूर घातलेत' म्हणून दोन बशा खाल्ल्या तर शुगर तीनशेला जायला वेळ लागत नाही. नवरात्रात आणि श्रावणात माझ्याकडे असे रिपोर्ट येतात.

मग काय करायचं? खिचडी अर्धी बशी घ्या, सोबत वाटीभर दही किंवा ताक आणि काकडीची कोशिंबीर घ्या. भगर आणि दाण्याची आमटी करायची तर भगर कमी, आमटी जास्त. भगरही शेवटी धान्यच आहे. शेंगांच्या दिवसांत उकडलेल्या शेंगा खा. सोलून खाव्या लागतात, त्यामुळे वेग आपोआप कमी होतो. आणि जे इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या जोरकस गोळ्या घेतात, त्यांनी निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. देव यावर रागावत नाही.

साध्या दिवशी दाण्याची चांगली सोबत कोणती? सोलापूरकडची शेंगाचटणी आणि ज्वारीची भाकरी ही जोडी उत्तम, भाकरी एक-दीड असेल तर. आपल्या भागात तांदळाची भाकरी आणि भात हेच मुख्य अन्न. आपण शाळेत होतो तेव्हा खरवईत भाताची खाचरं होती आणि दिवसभर चिखलात राबणाऱ्याला दोन वेळचा भात जिरत होता. आता खाचरांच्या जागी इमारती आल्या, राबणं गेलं, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. तो भात एक मूद कमी करून त्या जागी डाळ, उसळ आणि चमचाभर दाण्याची चटणी आली, तर ताट रिकामं वाटत नाही.

आणि वाईट सोबत? चिक्की. गुळाने शुगर वाढत नाही असं मानणारे शिकलेले लोक मला रोज भेटतात. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. तीस ग्रॅमच्या चिक्कीत निम्मा गूळ धरला तर तीन चमचे साखर झाली. दाण्याचा लाडू, तिळगूळ यांचंही तेच. सणाला एक खा, पण तो गोड पदार्थ म्हणून मोजा, 'दाणे खाल्ले' म्हणून नको. खारे दाणे दुसऱ्या कारणासाठी नकोत. मधुमेहाबरोबर रक्तदाब बहुधा असतोच आणि दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपण लोणचं-पापडातच ओलांडतो. दाणे घरी कोरडे भाजा, लाल सालीसकट खा. सालीत तंतूही आहेत आणि शरीराला उपयोगी द्रव्यंही.

आता मी जे सांगणार आहे ते बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा. यासाठीच मी हा विषय घेतला.

एक गृहस्थ माझे पेशंट. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. त्या दिवशी दुपारचा डबा राहून गेला होता. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, ठाणं सुटल्यावर त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुगर उतरत होती. त्यांनी शहाणपणा म्हणून पिशवीतले दाणे काढून खाल्ले. मूठभर, मग आणखी मूठभर. डोंबिवली गेलं, कल्याण आलं, थरथर वाढतच गेली. शेवटी बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. समोरच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी होती, तिने आपल्या बाटलीतलं गोड सरबत त्यांना पाजलं. अंबरनाथ येईपर्यंत ते भानावर आले. ती मुलगी कोण होती हे त्यांना आजही माहीत नाही.

आत्तापर्यंत दाण्याचे जे गुण सांगितले, तेच इथे घात करतात. दाणा साखर वाढवत नाही आणि पोटातून सगळं सावकाश पुढे पाठवतो. शुगर उतरलेली असताना आपल्याला याच्या अगदी उलट हवं असतं. शुगर 70 च्या खाली गेली असेल, किंवा मोजायचं यंत्र जवळ नाही पण घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड अशी लक्षणं असतील, तर दाणे नकोत, चिक्की नको, चॉकलेटही नको. तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढंच घ्या. बरं वाटल्यावर मग मूठभर दाणे किंवा पोळी खा, म्हणजे शुगर पुन्हा उतरणार नाही. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी साखरेवर विसंबू नये, ग्लुकोजच हवं, कारण त्या गोळ्या साखरेचं पचन लांबवतात. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असली पाहिजे. पास जिथे ठेवता तिथेच ठेवा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. आपल्या गोळीचं नाव आज रात्री वाचून घ्या. निम्म्या लोकांना ते माहीत नसतं, 'ती पांढरी, गोल' एवढंच माहीत असतं. सगळ्याच गोळ्या पांढऱ्या आणि गोल असतात.

शेवटी एक गृहपाठ देतो. ग्लुकोमीटर आता बहुतेकांच्या घरी आहे आणि बहुतेक घरांत तो कपाटात आहे. तो काढा. एके दिवशी नेहमीचा नाश्ता, समजा पोहे, खाण्याआधी शुगर मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तेच पोहे पाऊण बशी आणि त्यात मूठभर दाणे, पुन्हा दोनदा मोजा. एका वेळी एकच बदल करा, आपल्याला प्रयोगवहीत शिकवलं होतं तसं. दोन तासांनंतरचा आकडा 180 च्या आत असेल तर बहुतेकांसाठी ठीक. माझं ऐकण्यापेक्षा आणि ग्रुपवरच्या मेसेजपेक्षा तुमची ती वही तुमच्याबद्दल जास्त खरं सांगेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती घेऊन जा. डॉक्टरही खूश होतात, कारण वही आणणारे पेशंट फार थोडे असतात.

आपल्या वर्गातले काही जण आज इथे नाहीत. मघाशी आपण उभं राहून त्यांना आदरांजली वाहिली. त्या यादीत मधुमेहामुळे मूत्रपिंड आणि हृदय गेलेले दोघं होते. पुढच्या मेळाव्याला ही यादी वाढणारच, वयच तसं आहे. पण जी नावं टाळता येण्यासारखी आहेत ती तरी टाळू या.

(भाषणानंतर श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि दिलेली उत्तरं)

बाईंचा प्रश्न: माझे दात राहिले नाहीत. मी काय करू?

बाई, तुम्ही कूट खा. ताकात, कोशिंबिरीत किंवा आमटीत दोन मोठे चमचे. दाणे रात्री भिजवून सकाळी उकडले तरी मऊ होतात. फायदा तोच.

पीनट बटर चालेल का?

चालेल, पण बाटलीच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. साखर आणि वनस्पती तूप घातलेलं नको. नुसते दाणे मिक्सरमध्ये फिरवलेस की तेच तयार होतं, आणि स्वस्तात.

शेंगदाणा तेलाने शुगर वाढते का?

तेलात कर्बोदकं नसतात, त्यामुळे लगेच वाढत नाही. पण दाण्यातली प्रथिनं आणि तंतू पेंडीत राहतात, तेलात येतात त्या फक्त कॅलरी. तेल मोजूनच वापरायचं.

सर्वांनाच चालतात का?

नाही. ज्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे त्यांनी अजिबात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावेत. नातवंडं लहान असतील तर त्यांच्या हाती अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि खवट, काळपट, बुरशी आलेले दाणे कोणीच खाऊ नयेत. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात दाणे लवकर सादळतात. जून ते सप्टेंबर थोडे थोडेच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आपल्या बदलापूरच्या जांभळांचं काय? बियांची पूड घेतली तर गोळी कमी होते का?

जांभूळ आपलं अभिमानाचं फळ आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हंगामात दहा-बारा जांभळं खा, गोड आंब्यापेक्षा ती बरी. पण पुडीच्या भरवशावर गोळी कमी करू नकोस. गोळी कमी करायची की नाही, ते वहीतले आकडे आणि एचबीएवनसीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. पूड घेत असशील तर तेही त्यांना सांग.

आज जेवणात जिलेबी आहे. चालेल का?

एक. आणि आधी भाताची मूद अर्धी करून.